जावातील पॅकेज : क्लास कंपाइल कसे करावेत, कसे चालवावेत?

जावा शिकणाऱ्याचा पहिला प्रोग्रॅम सहसा विनातक्रार चालतो. पुढे त्याच फाइलच्या आरंभी ‘पॅकेज’ची एक ओळ लिहिली जाते. फाइल कंपाइल होते, परंतु चालविताना मात्र क्लास सापडत नसल्याचा संदेश येतो. कोडमध्ये दोष नसतो. चुकलेली असते ती फाइलची जागा किंवा हाक मारण्याची रीत. पॅकेज, फोल्डर आणि क्लासपाथ या तिहींचे नाते ध्यानात आले की हा घोळ संपतो.

पॅकेज कशासाठी?

सन मायक्रोसिस्टीम्स कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली ही भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली. (२०१० मध्ये ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली.) एकाच प्रकल्पात निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले हजारो क्लास एकत्र येणार, हे गृहीत धरूनच पॅकेजची योजना झाली. आडनावामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात, तसेच हे आहे. जावाच्या स्वतःच्या संग्रहातही ‘डेट’ नावाचे दोन क्लास आहेत : एक ‘जावा.युटिल’ या पॅकेजात, तर दुसरा ‘जावा.एसक्यूएल’मध्ये. नावे जगभर वेगळी राहावीत म्हणून संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलट क्रमाने लिहून त्यापासून पॅकेजचे नाव सुरू करण्याचा प्रघात आहे.

पॅकेजमुळे गोपनीयताही राखता येते. ‘पब्लिक’ किंवा अन्य कोणताही शब्द न लावलेला क्लास केवळ त्याच पॅकेजातील क्लासना दिसतो.

नाव तेच फोल्डर

जावात क्लासची नावे देवनागरीतही देता येतात. समजा, ‘पुस्तक’ हा क्लास ‘ग्रंथालय.नोंद’ या पॅकेजात आहे. फाइलची पहिली ओळ ‘पॅकेज ग्रंथालय.नोंद’ अशी असेल आणि फाइलची जागा ‘ग्रंथालय’ फोल्डरमधील ‘नोंद’ या फोल्डरात असेल. नावातील प्रत्येक टिंब म्हणजे फोल्डरची एक पायरी. मूळ फाइलींसाठी ‘सोर्स’ आणि तयार क्लाससाठी ‘बिल्ड’ असे दोन स्वतंत्र फोल्डर प्रकल्पात आधीच करून ठेवणे सोयीचे ठरते.

आज्ञा कोणत्या?

आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात उभे राहून पुढीलप्रमाणे कंपाइल करावे :

जावासी -डी बिल्ड सोर्स/ग्रंथालय/नोंद/पुस्तक.जावा

येथे ‘-डी’ हा पर्याय महत्त्वाचा. तो दिल्यास कंपायलर ‘बिल्ड’मध्ये पॅकेजनुसार फोल्डर स्वतः निर्माण करतो आणि क्लास फाइल योग्य जागी ठेवतो. तो न दिल्यास क्लास फाइल मूळ फाइलशेजारीच पडते. त्यानंतर प्रोग्रॅम असा चालवावा :

जावा -सीपी बिल्ड ग्रंथालय.नोंद.पुस्तक

या दोन ओळींतील फरक नीट पाहावा. कंपायलरला फाइलचा मार्ग द्यावा लागतो. त्यात तिरक्या रेघा आणि शेवटी ‘.जावा’ असते. चालविताना मात्र क्लासचे संपूर्ण नाव द्यावे लागते. त्यात टिंबे असतात आणि शेवटी ‘.क्लास’ लिहायचे नसते.

चुका कोठे होतात?

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘नोंद’ फोल्डरात शिरून केवळ ‘जावा पुस्तक’ अशी आज्ञा देणे. फाइल समोर दिसते, पण तिच्या आत नोंदलेले नाव ‘ग्रंथालय.नोंद.पुस्तक’ असते. दोन्ही नावे जुळत नाहीत आणि ‘राँग नेम’ असा उल्लेख असलेली चूक दाखविली जाते. क्लासपाथने पॅकेजच्या पहिल्या फोल्डरकडे नव्हे, तर तो ज्यात आहे त्या फोल्डरकडे बोट दाखवावे, हा नियम लक्षात ठेवावा.

क्लासपाथमध्ये अनेक जागा देता येतात. त्या विंडोजवर अर्धविरामाने, तर लिनक्स व मॅकवर अपूर्णविरामाने वेगळ्या करतात. शोध डावीकडून सुरू होतो आणि प्रथम सापडलेला क्लास घेतला जातो. एखाद्या संग्रहाची जुनी जार फाइल यादीत पुढे राहिली, तर नवी आवृत्ती मागे असूनही जुनाच कोड चालतो. ग्राहकाच्या संगणकावर प्रोग्रॅम अनाकलनीय वागू लागतो, तेव्हा हे कारण प्रथम तपासावे. ‘क्लासपाथ’ या नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल कायमचा भरून ठेवण्यापेक्षा प्रत्येक वेळी ‘-सीपी’ देणे त्यामुळेच श्रेयस्कर.

‘इम्पोर्ट’विषयीही गैरसमज आढळतो. त्या ओळीने कोणताही क्लास आणला जात नाही. लांब नावाऐवजी छोटे नाव वापरण्याची केवळ मुभा मिळते. ‘जावा.युटिल.*’ लिहिल्याने ‘जावा.युटिल.कन्करंट’मधील क्लास येत नाहीत, कारण जावाच्या दृष्टीने ही दोन स्वतंत्र पॅकेजेस आहेत. पॅकेजविना लिहिलेला क्लास तर अन्य पॅकेजातून इम्पोर्टच करता येत नाही.

पुढील वाट

तयार क्लास इतरांना देण्यासाठी जार फाइल करतात. ती मुळात झिप पद्धतीचीच असते. तिच्या मॅनिफेस्टमध्ये मुख्य क्लासचे संपूर्ण नाव नोंदविल्यास ‘जावा -जार’ एवढ्याने प्रोग्रॅम सुरू होतो. मात्र त्या वेळी ‘-सीपी’ विचारात घेतला जात नाही. सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ ने पॅकेजांच्याही वर मॉड्यूल ही पायरी आणली. मार्च २०२४ मधील जावा २२ पासून अनेक मूळ फाइलींचा प्रोग्रॅम आधी कंपाइल न करताही चालविता येतो; तेथेही फोल्डरची रचना पॅकेजशी जुळावी लागते. एक्लिप्ससारखी साधने आणि मेव्हन ही कामे पडद्याआड उरकतात. परंतु त्यांनी दाखविलेल्या चुकांचा अर्थ लावायचा, तर या दोन आज्ञा एकदा तरी हाताने देऊन पाहाव्यात.