१ ऑगस्ट १९२० : एका दिवसाच्या दोन नोंदी

दिनविशेषांत एकाच तारखेखाली जन्म व मृत्यू शेजारी शेजारी नोंदलेले असतात. त्यांची सालें बहुधा निरनिराळी असतात. केवळ तारखेने त्यांस एकत्र आणलेले असते. १ ऑगस्टच्या दोन नोंदींचे मात्र तसे नाही. त्यांची तारीखही एक व सालही एकच. आणि त्यांतील एक नोंद आमच्या वाळवे तालुक्यातील आहे.

१९२० सालचा तो रविवार होता. मध्यरात्र उलटून काही वेळ गेला असता मुंबईस सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. गिरगाव चौपाटीवर अफाट जनसमुदायासमक्ष त्यांस अग्नी देण्यात आला. महात्मा गांधींनी असहकाराच्या आरंभासाठी हाच दिवस आधीपासून मुक्रर केलेला होता.

त्याच दिवशी, ईश्वरपूर (तेव्हाचे इस्लामपूर) हे ज्याचे मुख्य ठाणे त्या वाळवे तालुक्यातील वाटेगावी, भाऊराव साठे यांच्या मातंग कुटुंबात तुकाराम हा मुलगा जन्मास आला. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. शाळेचा लाभ त्या मुलास जवळजवळ झालाच नाही. पोटासाठी त्याने मुंबई गाठली, गिरणीत काम केले. आणि पुढे तोच शाहीर अण्णा भाऊ साठे म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची शाहिरी गाजली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. १८ जुलै १९६९ रोजी ते निवर्तले.

लोकमान्यांच्या निधनाची वार्ता वृत्तपत्रांनी देशभर पोहोचविली. वाटेगावच्या जन्माची वार्ता कोण छापणार? थोरांचा मृत्यू त्याच दिवशी कळतो. थोरांचा जन्म मात्र कळावयास एक पिढी जावी लागते. म्हणून कोणत्याही घरातील जन्म आम्ही क्षुल्लक मानू नये.

आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून अशी आहे. ती त्यांच्या जन्माची नव्हे. शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली आहे. खरा दिवस आजीच्या स्मरणात होता व तिच्याबरोबरच गेला. तेव्हा समाजबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच की, प्रत्येक घरी एक वही असावी. तीत जन्म, विवाह व मृत्यू तारीखवार, गावाच्या नावासह लिहून ठेवावेत. पुढील पिढीचा इतिहासकार प्रथम तीच वही मागेल.