गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे!

परवा एका सर्जननी आईला सांगितलं, "दुर्बिणीतून गुडघा साफ करून देतो, बरं वाटेल." मी इंजिनिअर असल्यामुळे आधी मॅन्युअल वाचायची खोड. दोन वीकेंड त्यातच गेले.

आपण 'अक्कल गुडघ्यात' म्हणतो, पण गुडघ्यातली अक्कल कळायला सर्जन मंडळींना ऐंशी-एक वर्षं लागली. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुकने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात चक्क हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने सगळं फसलं. १९५०च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या, त्या ढिल्या व्हायच्या. कारण दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. गुडघा वाकताना मात्र मांडीचं हाड नडगीवर घरंगळतं, घसरतं आणि थोडं वळतंही. एकाच अक्षात अडकवलं, की सगळा पीळ हाड आणि इम्प्लांटच्या जोडावर!

हे सोडवलं फ्रँक गन्स्टनने. कॅनडाचा हा गडी आधी इंजिनिअर, मग डॉक्टर (कॉलर ताठ!). १९६८ साली इंग्लंडमध्ये, खुब्याच्या सांध्यासाठी गाजलेल्या जॉन चार्न्लींच्या हाताखाली असताना, त्याने बिजागरीच काढून टाकली. मांडीच्या हाडाला धातूच्या गोलसर पट्ट्या, खाली पॉलिथिलीनच्या खोबणी, आणि सांधा धरून ठेवायला रुग्णाचेच अस्थिबंध. पेटंटही घेतलं नाही त्याने.

१९७४ साली न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि इंजिनिअर पीटर वॉकर यांनी पूर्ण सांध्याची रचना केली, आजचे गुडघे बरेचसे तिचेच वंशज. हे चित्तरंजन रानावत मूळचे मध्य प्रदेशचे. ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनीच बदलला, २००१ मध्ये उजवा.

आता दुर्बिणीचं. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर प्रयोग झाला. काहींचा सांधा साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींना फक्त कातडीवर चिरे दिले! दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नाही. तरी ही साफसफाई पुढे कित्येक वर्षं चालूच राहिली.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मांडीचे व्यायाम आणि थोडं वजन कमी करायला सांगितलंय. बदलायची वेळ आलीच तर २०१७ पासून इम्प्लांटच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. सध्या आई खुर्चीत बसून पाय सरळ करते, आकडे मी मोजतो. ती म्हणते मी मुद्दाम चुकतो.