मेम्फिसचे कामगार आणि डॉ. किंग यांचा वारसा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आले की मुलांना दोन गोष्टी सांगून आम्ही पुढे जात असू : १९६३ चे वॉशिंग्टनमधील भाषण आणि १९६८ मधील हत्या. मृत्यू आला तेव्हा ते कोणासाठी लढत होते, हे सांगायचे राहून जाई. एकदा वर्गात पालकांची माहिती भरून घेताना एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे नुसते ‘नोकरी’ असे लिहिले. कसली नोकरी, असे विचारताच त्याने मान खाली घातली. वडील सफाई कामगार होते. तेव्हापासून आम्ही किंग यांचा धडा मेम्फिस शहरापासून सुरू करतो.

१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या दक्षिणेतील टेनेसी राज्यात मेम्फिस येथे पाऊस कोसळत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मेले. या कामगारांची मजुरी इतकी तुटपुंजी होती की, दिवसभर राबूनही कित्येकांना सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. पन्नाशीच्या माणसालाही गोरे अधिकारी ‘ए पोरा’ म्हणूनच हाक मारत.

१२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांना युनियनला मान्यता हवी होती, सुरक्षित गाड्या हव्या होत्या आणि मजुरीत वाढ हवी होती. महापौर हेन्री लोब यांनी हा संपच बेकायदा ठरवला. पुढे कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या हातातील फलकांवर एकच वाक्य होते : ‘मी माणूस आहे.’ पैशाची मागणी कागदावर होती; इज्जतीची मागणी फलकावर होती.

किंग यांनी या लढ्यात पडू नये, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांनाच वाटत होते. त्यांच्या नावावर तोवर मोठे विजय जमा होते. मॉन्टगोमेरीत १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस चाललेल्या बस बहिष्काराचे त्यांनी नेतृत्व केले होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा या चळवळीच्या रेट्यामुळेच झाला होता. १९६४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कारही मिळाला होता. पण हॉटेलात बसण्याचा हक्क मिळाला तरी तेथे जेवायला खिशात पैसे नसतील तर तो हक्क काय कामाचा, हा सवाल त्यांना सतावत होता. गोरगरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला नेण्याची तयारी सुरू असतानाच ते मेम्फिसला गेले.

ही दृष्टी घडण्यात भारताचाही थोडा वाटा आहे. १९५९ मध्ये ते पत्नी कोरेटा यांच्यासह येथे आले. मुंबईत ते गांधीजींच्या मणिभवनात राहिले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले शिकत होती. तेथील मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग आधी चमकले, त्यांना रागही आला. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधवांची अवस्था त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि होय, आपण अस्पृश्यच आहोत, हे त्यांनी मान्य केले. १९६५ मध्ये आपल्या चर्चमधील प्रवचनात त्यांनी स्वतः ही हकिकत सांगितली. एका मुख्याध्यापकाच्या साध्या वाक्याने इतके काम केले, याचे आम्हा शिक्षकांना विशेष वाटते.

२८ मार्च १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांच्या मोर्चाला हिंसक वळण लागले. लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. शांततेचा मोर्चा पुन्हा काढून दाखवायचा, या निर्धाराने किंग परत आले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात ते उभे असताना त्यांना गोळी लागली. वय अवघे ३९. चारच दिवसांनी, शोक बाजूला ठेवून, कोरेटा यांनी त्याच शहरातून हजारोंचा मूक मोर्चा नेला. १६ एप्रिलला शहराने तडजोड केली. युनियनला मान्यता मिळाली, मजुरीही वाढली.

किंग यांचा जन्मदिन १९८६ पासून राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जातो. लॉरेन मोटेलच्या जागी १९९१ मध्ये संग्रहालय उघडले. मात्र वारसा पुतळ्यांत आणि सुट्ट्यांत आपोआप टिकत नाही. मतदान हक्क कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेच निष्प्रभ केली. मेम्फिसच्या संपकऱ्यांचे म्हातारपणही हलाखीतच गेले. शहराच्या पेन्शनचा आधार नसल्याने काहीजण ऐंशीच्या घरातही काम करत राहिले. २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल ४९ वर्षांनी, हयात असलेल्या १४ संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर देण्याचे शहराने जाहीर केले. तोवर बहुतेक साथीदार हे जग सोडून गेले होते.

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. नमाजाच्या सफेत मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण मस्जिदीची पायरी उतरल्यावर, रिश्ता ठरवताना किंवा दावतीला बोलावताना आम्ही बिरादरी आणि पेशा विचारतोच ना? मग तो मुलगा ‘नोकरी’ एवढेच लिहून मान खाली घालतो, यात दोष त्याचा कसा?

हल्ली धडा संपला की आम्ही फळ्यावर मेम्फिसच्या फलकावरील वाक्य लिहितो आणि मुलांना ते आपल्या जबानीत लिहायला सांगतो. ‘मैं इन्सान हूँ’, वर्ग लिहितो. मुले हौसेने लिहितात, मोठ्याने वाचतातही. पण दरवर्षी जूनमध्ये माहितीचा कागद भरताना वडिलांच्या व्यवसायाचा रकाना कोणीतरी कोराच सोडते. तो रकाना बिनदिक्कत भरला जाईपर्यंत हा धडा आम्ही शिकवून संपवला, असे आम्हाला म्हणता येणार नाही.