देऊळ कुणाच्या घाटाचे?

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या शेजारचे चैत्यगृह जरूर पाहा. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मधे लांब दालन, टोकाला अर्धगोल भिंत. मला तिथे चर्चच आठवते. जुन्नरच्या डोंगरात असा आराखडा असूनही मिशनऱ्यांनी आपल्याकडे बहुतेक चर्चे युरोपीय घाटाचीच बांधली.

चीनमध्येही तेच झाले होते. १९२२ साली पोपचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेलेल्या कोस्तान्तिनी यांनी चिनी शैलीचा आग्रह धरला. मग ग्रेस्निग्ट या युरोपीय धर्मबंधूने बीजिंगच्या फू-जेन विद्यापीठाला चिनी वळणाची छपरे दिली.

१९२२ मध्येच जॅक विन्स्लो यांनी आपल्याकडे ख्रिस्त सेवा संघ स्थापला. त्याच्या पुण्यातील आश्रमात राहिलेले गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी मेरीला साडी नेसवली. टीका स्वकीयांनीच केली. पण परक्याने चढवलेल्या छपरापेक्षा घरच्याने नेसवलेली साडी मला मोलाची वाटते.