लिटल मॉर्टन हॉल : वाकडे घर उभे कसे?

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, काँगल्टन गावापासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या खंदकाने वेढलेले एक लाकडी घर आहे. त्याचे नाव लिटल मॉर्टन हॉल. त्याचे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्याला छपाईत काही गडबड झाली असावी असे वाटते. मजले झुकलेले, तुळया वाकलेल्या, खिडक्यांच्या ओळी लाटेसारख्या. कारण काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या या घरात काटकोन म्हणावा असा काटकोन सापडणे कठीण! तरीही त्याचा सर्वांत वाकडा भाग साडेचारशेहून अधिक वर्षे उभा आहे. तो का वाकला आणि वाकूनही का पडला नाही, हे दोन्ही प्रश्न आम्हांला वर्गात नेण्याजोगे वाटतात.

घराचा सर्वांत जुना भाग विल्यम मॉर्टन या जमीनदाराने १५०४ ते १५०८ या काळात बांधला. पुढच्या पिढ्या १६१० च्या सुमारापर्यंत चौकाभोवती भर घालत राहिल्या. १५५९ मध्ये चौकाच्या बाजूला मोठ्या खिडक्या बसवल्या, तेव्हा त्यांवर मालकाच्या नावाबरोबर रिचर्ड डेल या सुताराचेही नाव कोरले गेले. त्या काळच्या कारागिराचे नाव असे टिकून राहणे विरळाच.

अशा घराची भिंत भार घेत नाही. दगडी जोत्यावर ओकचा सांगाडा उभा केला जातो आणि सगळे वजन खांब-तुळयांतून खाली जाते. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारे कुसू आणि दोहोंतून आरपार लाकडी खुंटी, असा सांधा. मधले चौकोन फांद्यांच्या विणीवर माती, पेंढा व शेण लिंपून भरायचे, म्हणजे आपल्याकडचा कूडच.

आता एक प्रयोग. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट करा. कोपरा ढकलला की ती सहज तिरपी होते. एक पट्टी कर्णावर लावा. आता ती हलत नाही, कारण बाजूंच्या लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलता येत नाही. सांगाड्यातल्या तिरक्या लाकडांचे काम हेच. मॉर्टन हॉलच्या भिंतींवरची चौपाकळी फुले मात्र बहुतांशी शोभेची आहेत. ओक विपुल आहे आणि आपल्याला परवडतो, हे शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी.

खरी अडचण दक्षिणेकडच्या भागात, १५६० नंतर, झाली. तिथे वरच्या मजल्यावर सुमारे ६८ फूट, म्हणजे २१ मीटर लांबीचे दालन चढवले गेले. पावसाळी दिवसांत घरातल्या घरात फिरण्या-खेळण्यासाठी अशी दालने तेव्हा श्रीमंतांत लोकप्रिय होती. या दालनाच्या लाकडी तक्त्यांमागे जुने टेनिसचे चेंडूही सापडले आहेत. पण दालनाला दोन्ही बाजूंनी जवळजवळ सलग खिडक्या, त्यामुळे तिरके आधार द्यायला जागाच उरली नाही. त्यावर छप्पर जड दगडी फरशांचे. उतरते छप्पर खाली तर दाबतेच, शिवाय भिंतींना बाहेरही ढकलते. भिंती फाकू नयेत म्हणून पुढे, बहुधा सतराव्या शतकात, आडव्या तुळया घालाव्या लागल्या. दालन मागाहून सुचले असावे असा तर्क केला जातो, आणि घराची अवस्था पाहता तो पटतो.

तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट; रुंदी दुप्पट केली तर मात्र फक्त दुप्पट. फूटपट्टी आडवी आणि मग उभी धरून वाकवून पाहिली की मुलांना हे लगेच कळते. जुने इंग्रज सुतार मात्र मजल्याखालची लाकडे पुष्कळदा आडवीच ठेवत.

मग घर पडले का नाही? उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. ओक वाळला की फार कठीण होतो, म्हणून तो ओला असतानाच घडवत. वाळताना तो लांबीत जवळजवळ आटत नाही, पण आडवा आटतो; वर्षवलयांच्या दिशेने तर त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट. त्यामुळे लाकडे पिळतात. शिवाय सतत भार असलेले लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. मात्र खुंटीचा सांधा थोडा फिरू शकतो. एक तुळई खचली की तिचा काही भार शेजारची उचलते. दगडी भिंतीला इतके वाकणे झेपले नसते, तिला तडे गेले असते.

गरिबीनेही या घराला वाचवले असावे. १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात मॉर्टन कुटुंब राजाच्या बाजूचे होते. त्यात ते आर्थिकदृष्ट्या खचले आणि घर पुढे शेतकऱ्यांना भाड्याने गेले. पैसा असता तर पाडून नव्या पद्धतीचे बांधले असते! १८९२ नंतर मालकीण झालेल्या एलिझाबेथ मॉर्टन या जोगिणीच्या काळात बहुधा दालनाला पोलादी सळ्यांचा आधार मिळाला. १९३८ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आले. प्रसिद्ध काळा रंग मात्र ट्यूडर नव्हे. लाकडांना डांबर फासण्याची टूम एकोणिसाव्या शतकातली. मुळात ओक तसाच सोडला जाई आणि उन्हापावसाने रुपेरी करडा होई.

त्याच लांब दालनाच्या दोन टोकांना गिलाव्यात दोन स्त्रिया कोरल्या आहेत. एक दैव, हाती चाक. तिच्यावर अज्ञानाची सत्ता. दुसरी नियती, हाती खगोल. तिच्यावर ज्ञानाची सत्ता. हे चित्र रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५६ मधल्या ‘द कॅसल ऑफ नॉलेज’ या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेले आहे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या पुस्तकात दोन समांतर रेघांचे ‘बरोबर’ चिन्ह छापणारा हाच गणिती. १५५८ मध्ये तो लंडनच्या तुरुंगात वारला. गिलावा करणाऱ्याने ‘खगोल’ हा इंग्रजी शब्द असा लिहिला आहे, की आजच्या वाचकाला तो ‘भाला’ वाटावा.