अमृतेश्वर आणि त्याच्या काठचे पाणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, अकोले तालुक्यातील रतनवाडीत, रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे मध्ययुगीन शिवालय भंडारदऱ्याच्या विस्तीर्ण जलाशयाजवळ उभे आहे. हे पाणी पाहूनच जुन्या लोकांनी जागा निवडली असावी, असे येणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात देऊळ आधीचे असून जलाशय त्याच्याहून कित्येक शतकांनी धाकटा आहे.

देवळाची जागा ठरली ती प्रवरा नदीच्या उगमामुळे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ याने शंभूची बारा देवळे बांधल्याचा उल्लेख पुढच्या शिलाहार ताम्रपटांत येतो आणि त्यांतलेच हे एक, अशी समजूत रूढ आहे. मात्र ताम्रपटांनुसार ती देवळे राजाच्या स्वतःच्या नावाची होती आणि झंझ दहाव्या शतकाच्या आरंभीचा, तर या देवळाची घडण त्यानंतरची दिसते, म्हणून ही समजूत जपूनच घ्यावी लागते. त्याला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात, तेही सैलपणेच, कारण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. शिखर भूमिज पद्धतीचे आहे, म्हणजे चारही बाजूंनी उभे पट्टे वर चढतात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. गाभाऱ्याला पुढून दार आहे तसे मागूनही आहे. ही रचना महाराष्ट्रात फार क्वचित आढळते. देवळापासून थोड्या अंतरावर दगडी पुष्करणी, म्हणजे पायऱ्यांचे चौकोनी कुंड आहे आणि तिच्या भिंतींत मूर्तींसाठी देवकोष्ठे, म्हणजे शिखर असलेले लहान कोनाडे, कोरलेले आहेत. बांधणाऱ्यांनी देवासाठी योजलेले पाणी ते हेच.

जलाशय आला तो इंग्रजी अमदानीत. १९१० मध्ये प्रवरेवर दगडी धरणाचे काम सुरू झाले, १९२६ मध्ये ते पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. अडलेले पाणी नदीच्या खोऱ्यात मागे चढत रतनवाडीपर्यंत पोहोचले, तर धरणातून सोडलेल्या पाण्यावर, प्रवरेच्या कालव्यांच्या आधाराने, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत ऊस उभा राहिला.

अशा धरणांपुढे देवळांचे दैव सारखे नसते. इटलीच्या उत्तरेकडील ग्राउन गावातील चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा १९५० पासून तलावातच उभा आहे, कारण तिथे गावच बुडाले. उजनीच्या पाण्यात पळसदेवचे जुने देऊळही असेच गेले. अमृतेश्वर मात्र काठावर वाचला, आणि आज तो केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

रतनवाडीला जाणारे बहुतेक प्रवासी जलाशय पाहून परततात. त्यांनी पुष्करणीच्या पायऱ्यांपर्यंत अवश्य जावे. या देवळाचे मूळचे पाणी तिथे आहे.