तळटीप : ब्रूटसचा देनारियस

१. इ. स. पू. ४२मधले चांदीचे नाणे. मागल्या बाजूला वेगवेगळ्या मुठींचे दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली सीझरच्या हत्येची तिथी, म्हणजे १५ मार्च. या चिन्हांमुळे संग्राहकाला ते निखळ स्वातंत्र्याचे नाणे वाटते. पण उलटून पाहिले की हा अर्थ डळमळतो. दर्शनी बाजूवर खुद्द ब्रूटसचा, म्हणजे सीझरच्या एका मारेकऱ्याचा, चेहरा आहे आणि हयात माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणण्याचा पायंडा दोनच वर्षांपूर्वी सीझरने पाडला होता. सैन्याच्या पगारासाठी पाडलेल्या नाण्यावर सेनापतीची ओळख हवीच, असा बचाव करता येईल. मात्र ती चेहऱ्याभोवतीच्या नाव-पदवीच्या अक्षरांनीही पटली असती. म्हणून नुसत्या टोपीवरून निष्कर्ष काढू नये. नाण्याच्या दोन्ही बाजू एकत्र वाचाव्यात. — संपादक